घडीचा चाकू घेताय? उघडून सगळेच बघतात, मिटून बघा

माझ्या उजव्या अंगठ्यावर नखाच्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ आहे, जवळून बघितली तरच दिसते. चाकूनेच कापलंय, पण कापताना नाही. कापायचं काम होऊन गेलेलं, खोका उघडलेला, सामान बाहेर काढलेलं, आणि मी एका हाताने चाकू मिटत होतो तेव्हा. तेव्हापासून घडीच्या चाकूबद्दल मला कुणी विचारलं की स्टील कुठलं, पात्याचा आकार कसला, मूठ कशाची, तर ते सगळं नंतर, आधी मी विचारतो की बाबा मिटताना तुझी बोटं कुठे असतात ते सांग.

हा रिव्ह्यू म्हणजे तेवढंच आहे. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या लॉकचे (लॉक म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून असलेली सोय) आठ-नऊ घडीचे चाकू माझ्याकडे आले, काही राहिले, काही देऊन टाकले, एक हरवला. कपाटात मांडून ठेवणारा मी नाही, माझं काम म्हणजे खोके, पॅकिंगच्या पट्ट्या, दोरी, केबल टाय, कधीमधी लाकूड तासणं. आणि लॉकबद्दल जिथे बघावं तिथे एकच चर्चा, कुठला लॉक सगळ्यात मजबूत, कुणी त्यावर वजनं टांगतंय, कुणी हातोडीने ठोकतंय. अरे पण खोका कापताना लॉकवर जोर येतच नाही! धारेने कापताना पातं आणखी उघडायच्या दिशेला ढकललं जातं, ते जाऊन आपल्या अडणीवर टेकतं, म्हणजे स्टॉप पिनवर, लॉक बिचारा नुसता बघत बसलेला असतो. त्याची गरज लागते ती उलटा जोर आला की. टोक खुपसताना हात घसरला, लाकडात रुतलेलं पातं हिसका देऊन काढलं, पाठ कशावर तरी आपटली, तेव्हा. हे महिन्यातून एखाद्या वेळी होतं. मिटणं दिवसातून वीस वेळा होतं. मग जास्त विचार कशाचा करायचा?

तर ज्याने मला कापलं त्याच्यापासूनच सुरुवात, लायनर लॉक. घडीचा चाकू म्हणून काहीही उचला, बरेचदा हाच निघतो, कारण बनवायला सुटसुटीत. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना धातूची पातळ पट्टी असते तो लायनर, त्यातल्या एका पट्टीला लांब चीर पाडून एक जीभ केलेली असते आणि ती आतल्या बाजूला वाकवलेली असते, म्हणजे ती सारखी आत यायलाच बघत असते. पातं पूर्ण उघडलं की जीभ टक्कन पात्याच्या बुडामागे, म्हणजे पात्याचा जो भाग मुठीत असतो त्याच्यामागे, येऊन बसते. बुडाला तिथे थोडा उतार दिलेला असतो त्यामुळे जीभ पाचरीसारखी घुसते, आणि वर्षं गेली, घासून झिजली, तर अजून थोडी आत सरकते, म्हणजे झीज आपली आपण भरून काढते. डोकं आहे यामागे, ते मान्यच करायला पाहिजे. अशा प्रकारची जीभ १९०६ च्या एका पेटंटमध्येच आलेली आणि वायरमन लोकांच्या चाकूत वापरलीही जायची, पण आज आपण जो बघतो तो लायनर लॉक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने केला. त्याने जिभेवर एक बारीक गोळी बसवली, पातं मिटलं की ती बुडावरच्या छोट्या खळग्यात बसते आणि चाकू खिशात आपोआप उघडत नाही. या गोळीला डिटेंट म्हणतात, आणि एका बोटाने झटकन उघडायची जी मजा असते ना, ती पण या गोळीचीच, आधी अडवते आणि मग एकदम सोडते.

आता मिटायचं कसं, तर अंगठ्याने ती जीभ बाजूला दाबायची, तर्जनीने पात्याची पाठ जराशी ढकलायची, पातं लॉकवरून सुटलं की अंगठा बाहेर काढायचा आणि मग पूर्ण मिटायचं. नीट वाचा परत. जीभ दाबताना अंगठा कुठे आहे? पात्याच्या वाटेत! बरोबर धारेच्या खाली! चांगल्या चाकूत काय करतात, की धारेच्या मुळाशी थोडा भाग बिनधारेचा ठेवतात, किंवा उघडायला जो छोटा शेंडा असतो तो आधी अंगठ्यावर येऊन टेकतो, मग समजतं की अंगठा काढ आता. माझ्या त्या चाकूला धार थेट मुळापर्यंत होती, दिसायला भारी, आणि पिव्हटमध्ये, म्हणजे पातं ज्या स्क्रूभोवती फिरतं तिथे, बॉल बेअरिंग. बेअरिंगमुळे लॉक सोडला की पातं आपल्या वजनानेच खाली पडतं, लोकांना हे फार आवडतं, मलाही आवडायचं, मी तर मुद्दाम स्क्रू पाव फेरा सैल करून तेल घातलेलं की अजून सुळकन पडावं. डाव्या हातात खोक्याचं झाकण, उजव्या हाताने मिटतोय, लक्ष खोक्यात. पडलं सुळकन. दुखलं पण नाही लगेच, खोक्यावर लाल ठिपके दिसले तेव्हा कळलं. कंपनीचं नाव घेत नाही, निम्मी चूक माझी होती. निम्मी त्यांची, कारण धार तिथपर्यंत न्यायची काही गरज नव्हती.

लायनर लॉकच्या बाकी तक्रारी, एक म्हणजे डावखुऱ्या लोकांना त्रास, जीभ उजव्या हाताच्या अंगठ्याच्या हिशोबाने बसवलेली असते, डाव्या हाताने मिटायला गेलं की बोटं आपोआप विचित्र ठिकाणी जातात. दुसरं म्हणजे जीभ चिकटणे. जोरात उघडलं की पाचर इतकी घट्ट बसते की सोडवताना नखाने खरवडावं लागतं. यावर लोक एक जुगाड करतात, जिभेच्या टोकाला पेन्सिलचं शिसं घासायचं नाहीतर मार्करने रंगवायचं, आणि ते खरंच चालतं काही दिवस. तेल मात्र तिथे घालू नका, जिथे दोन धातू एकमेकांना धरून ठेवायचेत तिथे कशाला घसरगुंडी करताय.

घेताना जीभ बुडाच्या रुंदीत कुठपर्यंत आलीय ते बघा. नव्या चाकूत ती साधारण पाव ते अर्ध्या रुंदीपर्यंत असावी, जेमतेम कडेवर टेकलेली असेल तर सुटायची भीती, आणि नव्यातच पलीकडच्या लायनरला जाऊन भिडली असेल तर पुढे झीज भरून काढायला जागाच नाही.

फ्रेम लॉक म्हणजे याचाच थोरला भाऊ. आतली पातळ पट्टी नाही, मुठीची एक अख्खी बाजूच कापून तिची जीभ केलेली. चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांनी सेबेन्झा नावाच्या चाकूतून हा लोकप्रिय केला, सेबेन्झा म्हणजे झुलू भाषेत काम. यातली गंमत अशी की चाकू घट्ट धरला की तुमचीच बोटं लॉकला आत दाबतात, म्हणजे जितका जोर लावाल तितका लॉक पक्का. त्याची उलटी बाजू पण आहे, मिटलेला चाकू उघडताना बोटं त्याच पट्टीवर असतील तर गोळी खळग्यात आणखी घट्ट दाबली जाते आणि पातं उघडतच नाही, नवखा माणूस म्हणतो चाकू खराब आहे. खराब नाही, बोटं सरकव. मूठ टायटॅनियमची असेल तर जिभेच्या टोकाला स्टीलचा तुकडा बसवलाय का बघा, टायटॅनियम स्टीलवर नुसतं घासलं की चिकटतं आणि झिजतंही लवकर. मिटायचं? तेच. अंगठा वाटेत. थोरला भाऊ पण सवय तीच.

मग आला लॉकबॅक, पाठीवरचा खटका. हा बघितला नाही असा माणूस नसेल, मुठीच्या पाठीवर एक पट्टी, तिच्या मागच्या भागात दाबायची जागा. आत ती पट्टी झोपाळ्यासारखी मधल्या खिळीवर डोलते, पुढच्या टोकाला आकडा, तो पात्याच्या बुडावरच्या खाचेत पडतो, मागून स्प्रिंग त्याला दाबून ठेवते. बक कंपनीचा ११० नंबर, १९६४ पासूनचा, पितळेची टोकं आणि मध्ये लाकूड, खिशात ठेवला तर पँट एका बाजूला ओढली जाते इतका जड, त्याने हा प्रकार घराघरात पोचवला म्हणायला हरकत नाही. खटका पडतो तेव्हा जो आवाज येतो ना, तसा समाधानाचा आवाज बाकी कुठल्याच लॉकला नाही. लहान कपाटाचं दार नीट बसल्यासारखा.

माझ्याकडे एक लॉकबॅक होता, दोन-अडीच वर्षं रोज खिशात. एक दिवस उघडला तर आवाज आला नाही. म्हणजे आला, पण ठक असा न येता फसका आला. पातं उघडं, हलवून बघितलं तर घट्ट, मी काम सुरू करणार तेवढ्यात सहज मुठीची पाठ बघितली तर पट्टी मागच्या बाजूला एखाद्या केसाएवढी आत दबलेली, सपाट नाही. म्हणजे पुढे आकडा खाचेत पूर्ण उतरलाच नव्हता. टूथपिकने खाच कोरली तर आतून खिशातला कापूस निघाला, धूळ, तेल आणि धागे मिळून झालेली काळी मऊ गादी, दाबून दाबून अगदी खाचेच्या मापाची झालेली. तो कापूस तिथे किती दिवस होता देव जाणे. बाहेरून सगळं बंद दिसतंय आणि आत खटका अर्धाच लागलाय, ही या लॉकची खरी भीती. त्यामुळे लॉकबॅक असेल तर दर पंधरा दिवसांनी खाच बघायची, टूथपिक पुरते.

दुसरी कटकट म्हणजे काही दिवसांनी पातं वर-खाली किंचित डुगडुगायला लागतं. डावी-उजवीकडे हललं तर स्क्रू आवळता येतो, पण वर-खाली हललं तर आकडा आणि खाच झिजलेत, त्याला घरी काही इलाज नाही. यावर अँड्र्यू डेम्को यांनी ट्राय-ॲड म्हणून तोडगा काढला, कोल्ड स्टील नावाच्या कंपनीच्या चाकूंमध्ये मिळतो, त्यात पात्याचं बूड आणि पट्टी यांच्यामध्ये एक जाड पिन घातलीय, धक्का बसला की तो आकड्याच्या खिळीवर न जाता त्या पिनवर जातो. पट्टीच्या खिळीचं भोकही जरा लांबट ठेवलंय त्यामुळे झिजली तरी पट्टी सरकून जागा धरते. मजबुतीच्या गप्पा मारणाऱ्यांचा हा लाडका लॉक आहे आणि त्यांचं चुकत नाही. पण एक तर स्प्रिंग इतकी कडक की दिवसातून दहा वेळा मिटलं की अंगठ्याच्या टोकाला खड्डा पडतो, आणि मी म्हटलं तसं, खोक्याला एवढा लॉक कशाला हवाय.

मिटताना लॉकबॅकमध्ये अंगठा पाठीवर असतो, म्हणजे सुरक्षित, पण बाकीची चार बोटं मूठ धरून असतात आणि पातं त्याच बाजूने खाली येतं. त्यामुळे दुसऱ्या हाताने पाठ धरून मिटायचं, दोन हात लागतात, हा सरळ हिशोब. लोकांना एका हाताने मिटायची हौस असते, मांडीवर पातं टेकवून मिटतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय, काय बोलणार. काही लॉकबॅकच्या पट्टीत दाबायच्या जागी थोडी खोलगट जागा कोरलेली असते, डेव्हिड बॉय या चाकू बनवणाऱ्या माणसाच्या नावावरून तिला बॉय डेंट म्हणतात, ती असेल तर घट्ट धरताना तळव्याने खटका चुकून दाबला जात नाही. छोटी गोष्ट आहे पण घेताना बोट फिरवून बघा.

आता जे लॉकच नाही त्याबद्दल. स्लिप जॉइंट. आजोबांच्या काळचा चाकू म्हणून लोक नाक मुरडतात. पाठीला एक सपाट स्प्रिंगची पट्टी, ती पात्याच्या बुडावर दाबून बसलेली, बुडाला एका बाजूला सपाटी उघडल्यावर अडायला, दुसऱ्या बाजूला मिटल्यावर, बस. काहींमध्ये मध्येच अर्ध्यावर एक थांबा असतो, पातं काटकोनात येऊन अडतं, परत जोर लावला की पुढे जातं. तो थांबा म्हणजे बोटं बाजूला घे असं सांगणारी घंटाच. व्हिक्टोरिनॉक्सचे लाल चाकू याच तत्त्वावर. स्विस सैन्याला या कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी पहिले चाकू पुरवले १८९१ मध्ये, आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा जो चाकू आला त्यात एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारं बसवली होती, म्हणून तर एवढ्याशा मुठीत एवढं सगळं मावतं.

लॉक नाही म्हणजे धोकादायक, हे मला वर्षानुवर्षं वाटायचं. आता उलटं वाटतं. माझ्या ९१ मिलीमीटरच्या व्हिक्टोरिनॉक्सने मला एकदाही कापलेलं नाही, का, तर लॉक नाही हे हाताला माहीत असतं. टोक खुपसायचं असेल तर मी थांबतो, धार कुठे आहे बघतो, पाठीवर जोर येणार नाही असा धरतो. लॉक असलेल्या चाकूत तो विचार होतच नाही, लॉक आहे ना, मग काय. आणि मिटताना तर स्प्रिंग स्वतःच पातं धरून ठेवते, पडत नाही, दोन हातांनी दाबून मिटायला लागतं. अर्थात याच्या मर्यादा आहेत, लाकडात टोकाने भोक पाडायचं असेल तर हा घेऊ नका, पातं मिटून बोटांवर येईल, त्याला आर, म्हणजे भोक पाडायचं टोकदार अवजार, असतेच त्याच चाकूत किंवा मग लॉकवाला मोठा, १११ मिलीमीटरचा घ्या. आणि काही देशांत कायदाही लॉक बघतो, ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचं लॉक नसलेलं घडीचं पातं कारण न देता जवळ ठेवता येतं, लॉक आला की सयुक्तिक कारण लागतं. तेव्हा तुमच्याकडे काय नियम आहे तो आधी बघा आणि मग खिशात घाला.

ओपिनेल या फ्रेंच चाकूचं वेगळं लिहायला पाहिजे कारण तो लॉक बघून पहिल्यांदा हसायला येतं. लाकडी मूठ, आणि मुठीच्या तोंडाशी एक फिरणारं कडं, झालं! जोसेफ ओपिनेल यांनी चाकू १८९० मध्ये बनवायला घेतला तेव्हा कडं नव्हतंच, ते आलं १९५५ मध्ये, मार्सेल ओपिनेल यांनी केलं, नाव व्हिरोब्लॉक. पातं उघडा, कडं फिरवा, कड्याची फट सरकते आणि पात्याच्या बुडाला मागे जायला जागाच राहत नाही. २००० पासून मिटलेल्या स्थितीतही कडं फिरवून पातं बंद ठेवता येतं. ६ नंबरपासून वरच्या मापांना कडं असतं, त्याखालच्या छोट्यांना नाही. माझा ८ नंबरचा आहे, पातं साडेआठ सेंटिमीटर. यात स्प्रिंग नाही, गोळी नाही, पाचर नाही, झिजण्यासारखं काही नाही, कापूस अडकला तर फुंकर मारली की साफ. तक्रार एकच, आणि ती लॉकची नाही लाकडाची, पाण्यात भिजला की मूठ फुगते आणि पातं आत असं काही अडकतं की नखाच्या खाचेत नख घालून ओढलं तर नख तुटेल. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग ओढायचं. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातली जुनी युक्ती आहे ही, ओपिनेल तिथलाच. आणि हो, कडं फिरवायला विसरलात तर तो नुसता सैल चाकू आहे, स्प्रिंगही नाही धरायला. विसरणाऱ्या माणसाने घेऊ नये.

आता माझे दोन आवडते. पहिला आडव्या दांडीचा. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ७१० मॉडेलमध्ये ॲक्सिस लॉक म्हणून आणला, रचना बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांची. पेटंटची मुदत संपल्यावर बऱ्याच कंपन्यांनी उचलला, आता क्रॉसबार या नावाने कुठेही मिळतो. मुठीच्या आरपार एक छोटी स्टीलची दांडी, दोन्ही बाजूंना तिची टोकं बाहेर आलेली, आतून दोन स्प्रिंगा तिला पुढे ढकलत असतात, स्प्रिंगेचा आकार ग्रीक ओमेगासारखा. पातं उघडलं की दांडी पुढे सरकून बुडाच्या उतारावर चढून बसते. मिटायला अंगठा आणि तर्जनीने दोन्ही टोकं मागे ओढायची आणि पातं खाली सोडायचं, आणि इथेच मजा आहे, एकही बोट पात्याच्या वाटेत नाही. एकही नाही. डावखुऱ्यांनाही तेच. हा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा अंगठ्यावरची ती रेघ आठवून मला राग आला, की हे असं करता येत होतं तर मी का कापून घेतलं.

दोष आहेत ना. स्प्रिंगा केसासारख्या बारीक, आणि हा लॉक इतका खेळकर आहे की माणूस फोनवर बोलताना टकटक करत बसतो, उघड-मीट उघड-मीट, स्प्रिंग दमून तुटते. माझ्या एकाची तुटली, चार महिन्यांत. एक तुटली तरी दुसरीवर काम चालतं, दांडी जरा तिरकी सरकते एवढंच, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण मी कंपनीला लिहिलं की दोन स्प्रिंगा पाठवा, मी बसवतो. उत्तर आलं की सुटे भाग देत नाही, चाकू पाठवा, येण्या-जाण्याचा खर्च तुमचा. तेवढ्यात नवा चाकू आला असता. नाव नाही घेत, पण घेण्याआधी सुट्या स्प्रिंगा मिळतात का हे विचारा, हा प्रश्न मी स्टीलच्या आधी विचारतो आता.

दुसरा कॉम्प्रेशन लॉक, स्पायडर्को कंपनीचा, त्यांच्या पॅरा मिलिटरी २ या चाकूमध्ये आहे. दिसायला लायनर लॉकच, तीच जीभ, पण ती खालून काढून पाठीच्या बाजूला नेली. आणि जीभ नुसती बुडामागे टेकत नाही, बूड आणि स्टॉप पिन यांच्या चिमट्यात जाऊन बसते, उलटा जोर आला की ती दाबली जाते, वाकायला जागाच नाही, म्हणून कॉम्प्रेशन. मिटताना तर्जनीने पाठीवरची जीभ दाबायची, पातं मागच्या मागे पडतं, बोटं सगळी वर. पहिला आठवडा हात अवघडल्यासारखा होतो, आणि तर्जनीचं कातडं एक-दोनदा चिमटीत येतं, मग इतकी सवय लागते की दुसरा चाकू हातात घेतल्यावर बोट पाठीवर जीभ शोधत राहतं. डावखुऱ्यांना मात्र इथेही गैरसोय.

बटण लॉकचं काय, तर छान आहे, मऊ आहे, बोटं बाहेर राहतात, बटण वर उचललेलं असेल तर खिशात दाबलं जाईल का तेवढं बघा आणि पातं किंचित हलतंय का बघा. यापेक्षा जास्त माझा अनुभव नाही.

मजबुतीची परीक्षा म्हणून पात्याची पाठ टेबलावर आपटतात ती मीही करायचो, मोठ्या रुबाबात. आता नाही करत. एक तर असा झटका रोजच्या वापरात येतच नाही, दुसरं म्हणजे त्या आपटण्यानेच चांगल्या लॉकचं तोंड खराब होतं, आणि तिसरं, लॉक खरंच सुटला तर पातं कुठे जाणार? हाताकडेच. त्यापेक्षा चाकू उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर, मूठ दोन बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठ हळूहळू दाबा, मग मूठ थोडी पिरगळल्यासारखी करून परत दाबा. हळू उघडून एकदा आणि झटक्यात उघडून एकदा, दोन्ही, कारण काही लॉक झटक्यात उघडल्यावरच नीट बसतात आणि तो दोष आहे. मग ओल्या हाताने मिटून बघा. हातमोजे घालत असाल तर ते घालून. आणि ज्याला खरंच ठोकायचं आहे, लाकूड फोडायचं आहे, त्याने घडीचा चाकू घेऊच नये, सरळ एकसंध पात्याचा घ्यावा, बिजागरी आली तिथे कमजोरी आली.

परवा भाचा आलेला, गोदामात नोकरीला लागलाय, दिवसभर खोके. म्हणाला मामा तुझ्याकडे एवढे चाकू आहेत, सगळ्यात स्ट्राँग लॉकवाला दे. मी चार चाकू उघडे करून टेबलावर ठेवले, धारेवर टेप लावून, आणि म्हटलं काही कापू नकोस, फक्त मीट. ओपिनेलचं कडं फिरवत म्हणाला हा तर पाण्याचा नळ आहे, ठेवला. लॉकबॅक मांडीकडे न्यायला लागला, मी बघितलं त्याच्याकडे, ठेवला. आडव्या दांडीचा उचलला, दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा जमलं, मग टकटक सुरू झालं त्याचं, मी म्हटलं स्प्रिंग तुटेल, तर म्हणतो तुटू दे दुसरी टाकू. शेवटी तो माझा लायनर लॉक हातात घेतला, जीभ दाबली, पातं सुळकन आलं आणि टेपवर अंगठा आपटला.

"आई गं," म्हणाला, टेप असूनसुद्धा.

दांडीचा घेऊन गेला. लायनर लॉक परत ड्रॉवरमध्ये गेलाय, स्क्रू मी आता घट्ट आवळलाय त्याचा, कुणाला द्यावासा वाटत नाही आणि टाकवतही नाही.